तुलनेसाठी एक चांगलं यंत्र

आमच्या दवाखान्यात स्मरणशक्ती तपासायचं यंत्र आलं, तेव्हा त्या यंत्राचीच आधी परीक्षा घेईल असा एकच माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात होता. तो नेमका माझा जुना साहेब निघाला, याला मी काय करणार?

यंत्र म्हणजे तसं विशेष काही नाही. शाळेच्या पाटीएवढा स्क्रीन आणि कानाला लावायचे हेडफोन. स्क्रीनवर हिरवा गोल दिसला की बोट टेकवायचं, लाल दिसला की हात आवरायचा. चित्रं येतात, त्यांची नावं सांगायची. हेडफोनमधून एक बाई पंधरा शब्द सांगते. ते लगेच म्हणून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी पुन्हा म्हणायचे. शेवटी यंत्र एक पट्टी दाखवतं. हिरवी आली की माणूस खुशीत घरी जातो, पिवळी आली की काळजीत पडतो आणि लाल आली की त्याच्याबरोबर आलेली माणसं काळजीत पडतात. आमच्या डॉक्टर मॅडम प्रत्येकाला बजावायच्या, "ही नुसती चाळणी आहे. आजार आहे की नाही ते पुढच्या तपासण्यांत कळेल. पण लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं." लोक हे सगळं ऐकून घेत आणि फक्त पट्टीचा रंग लक्षात ठेवत.

यंत्र चालवायचं काम माझ्याकडे होतं. त्याआधी अकरा वर्षं मी बोईसरला, एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. विभाग म्हणजे साहेब, मी आणि एक पंखा. कारखान्यात जिथे जिथे दाब, तापमान किंवा वजन दाखवणारा काटा होता, तो खरं बोलतो की खोटं ते बघणं आमचं काम. साहेबांनी ते काम फाटकाबाहेरही चालूच ठेवलं होतं, एवढाच इतरांना त्रास.

साहेब बुटके, अंगाने शिडशिडीत. पूर्ण बाहीचा शर्ट, खिशात तीन स्क्रू ड्रायव्हर आणि एक थर्मामीटर. कुठलाही काटा समोर आला की वाकडं बोट करून त्याच्या काचेवर दोनदा टकटक करायची, मग कान टवकारून वाट बघायची. हॉटेलात चहा आला की आधी त्यात थर्मामीटर बुडायचा. "एक्क्याऐंशी अंश. बाई, तीन मिनिटं थांबा." मी बावीस वर्षांची होते तेव्हाही ते मला 'अहो बाई' म्हणत. ब्लडप्रेशर बघायला आलेल्या कंपनीच्या डॉक्टरांपुढे त्यांनी कधी सरळ हात केला नाही. त्या मशीनची शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली, कागद आहे का, असे तीन प्रश्न आधी व्हायचे. तोवर डॉक्टरांचंच ब्लडप्रेशर वाढलेलं असायचं.

माझ्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना भटजींच्या घड्याळावर टकटक केली आणि ते चार मिनिटं मागे असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे माझं लग्न मुहूर्तावर लागलेलं नाही हे मला आणि नवऱ्याला पक्कं माहीत आहे. भांडणात त्याचा दोघांनाही उपयोग होतो.

नवा कोणी हाताखाली आला की त्याला ते एक वाक्य पाठ करायला लावत: "एक रीडिंग म्हणजे अफवा, तीन म्हणजे बातमी, पाच म्हणजे खरं." मला त्यांनी पहिल्या आठवड्यात बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर धरून बसवलं होतं. शून्य दिसतंय ना, असं विचारायचे. मी हो म्हणायचे. "पुन्हा बघा," म्हणायचे. पाचव्यांदा शून्य दिसलं की कुठे तोंडावरची सुरकुती हलायची. त्यांच्या हिशेबी ते हसणं होतं.

त्यांचं लग्नसुद्धा तपासणीतूनच झालं. ही गोष्ट मला काकींनी सांगितली. काकी म्हणजे साहेबांची बायको, सातपाटीच्या. तेव्हा त्या आईबरोबर बाजारात पापलेट विकायला बसायच्या. साहेब नुकतेच नोकरीला लागले होते. मासे घ्यायला आले आणि तराजू बघत उभे राहिले. मग त्यांनी या पोरीला गंभीरपणे सांगितलं की तुमचा काटा चुकीचा आहे, तुम्ही दर किलोला गिऱ्हाइकाला थोडं जास्त देताय.

"मला ठाव हाय," काकी म्हणाल्या होत्या. "म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

जाणूनबुजून चुकीचा ठेवलेला काटा साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. ते आठवडाभर रोज मासे घ्यायला गेले. पाम गावातल्या त्यांच्या घरात तेव्हा मासे खाणारं फक्त एक मांजर होतं; साहेब आणि त्यांची आई दोघंही माळकरी. पुढे आईने सुनेसाठी वेगळी चूल मांडून दिली आणि साहेबांनी लग्नानंतर महिनाभरात माळ उतरवून ठेवली. या बाबतीत मात्र त्यांनी पाच रीडिंग घेतली नाहीत.

साहेब रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने आमचा विभाग बंद करून ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं. पंखा कुठे गेला माहीत नाही. मी पालघरला आले. जिल्हा झाल्यापासून इथे कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्यांबरोबर लोकांची ब्लडप्रेशरं वाढली आणि त्यांच्यामागून दवाखाने. त्यातल्या एका दवाखान्यात मला काम मिळालं.

एका मंगळवारी साहेब दारात उभे. मागे काकी, हातात पिशवी, पिशवीत सुका बोंबील. वास माझ्या आधी मॅडमना आला.

"बाई, हिची तपासणी करायची आहे," साहेब म्हणाले. "ही विसरते."

काकी खाली बघत होत्या.

"काय विसरतात?"

"दोन महिने बघतोय. भातात मीठ नसतं. गॅसवर दूध ठेवून शेजारी जाते. परवा मला विचारलं, आज वार कोणता? मी नोंद ठेवली आहे." त्यांनी खिशातून डायरी काढली. तारखांसकट सगळं लिहिलेलं होतं.

मी यंत्र लावेपर्यंत साहेब प्लग बघायला टेबलाखाली वाकले. तेवढ्यात काकींनी माझा हात धरला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "मी नाय गो विसरत. हे विसरतात. बाजाराला जातात नि रिकामे परत येतात. परवा सख्ख्या बहिणीला विचारलं, तुमी कोण? डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझ्यावर ओरडले. म्हणून मग मीच विसरायला लागले. मला घेऊन तरी येतील ना."

"म्हणजे मीठ?"

"मुद्दाम. मलाही अळणी खावं लागलं, काय करू?"

टेबलाखालून आवाज आला, "इथे अर्थिंग नाहीये."

काकींची चाचणी सुरू झाली. हिरवा गोल आला, त्यांनी बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, दाबलं, चोळलं. स्क्रीन ढिम्म. चाळीस वर्षं मासे साफ करून आणि मिठात घालून त्यांची बोटं अशी कडक झाली होती की काचेला ती माणसाची बोटं वाटतच नव्हती. यंत्र आपलं 'प्रतिसाद नाही' अशी नोंद करत राहिलं. मग चित्रं आली. छत्री, कुलूप सांगून झालं. मग मासा आला.

"हा काय आहे, काकी?"

काकी पुढे वाकल्या. बराच वेळ बघितलं. "पापलेट नाय. हलवा नाय. शेपूट सुरमईचं, पण तोंड असं कुठे असतं? कोणी काढलाय हा?"

"नुसतं काय आहे ते सांगा."

"हा मासाच नाय," काकी ठामपणे म्हणाल्या.

यंत्राने चूक धरली. पट्टी लाल आली.

साहेब एवढा वेळ मागे उभं राहून बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ज्या यंत्राला बोट कळत नाही ते हिची बुद्धी मोजणार? आणि मासा खरंच चुकीचा आहे." पुढच्या मंगळवारी त्यांनी मॅडमना दोन पानी टिपण आणून दिलं. कडक बोटांसाठी स्क्रीनवर टेकवायचा पेन हवा. ज्यांनी स्क्रीन कधी हाताळला नाही त्यांना आधी सराव हवा. चित्रं इथल्या माणसांना दाखवून निवडावीत. शाळा कमी शिकलेल्यांची तुलना पदवीधरांशी करू नये. मॅडमनी टिपण दोनदा वाचलं, पेन मागवला आणि काकींना समोर बसवून साध्या गप्पांत तासभर तपासलं. काकींना गावातल्या सगळ्या होड्यांची नावं, त्यांचे मालक आणि त्या मालकांच्या बायकांची माहेरं पाठ होती. "यांना काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचे साहेब फारच हुशार आहेत हो."

तिथेच तर सगळी पंचाईत होती.

कारण पहिल्याच मंगळवारी, काकींची पट्टी लाल आल्यावर, साहेब स्वतःच म्हणाले होते, "तुलनेसाठी एक चांगलं यंत्र लागतं. मी बसतो." काकींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे दोन महिने अळणी भातात गेले होते ते याच क्षणासाठी. साहेबांनी हेडफोन लावला, स्क्रीनवर दोनदा टकटक केली आणि बसले. हिरवे गोल त्यांनी चांगले टिपले. पण पंधरापैकी शब्द आठवले पाच. वीस मिनिटांनी दोन. पट्टी पिवळी आली, लालच्या अगदी कडेला.

त्यांनी पट्टीकडे बराच वेळ बघितलं. मग हेडफोन खाली ठेवला. "पंख्याचा आवाज येतो. आणि ही बाई 'चमचा' नीट म्हणत नाही."

"मी मॅडमना दाखवते, साहेब."

"एका रीडिंगवर?" ते म्हणाले. "मी काय शिकवलं तुम्हाला?"

मी एकोणचाळीस वर्षांची, दोन पोरांची आई. पण त्यांनी असं विचारलं की माझे हात आपोआप बर्फाच्या पाण्यात जातात. मी ते रीडिंग बाजूला ठेवलं.

पुढचे चार मंगळवार साहेब पामहून शेअर रिक्षाने बोईसर आणि बोईसरहून पालघर असं करत येत राहिले. यंत्रात शब्दांचे चार वेगवेगळे संच होते. दर वेळी नवा लावायचा असतो. त्यांनी तोच लावायला सांगितला. मापन बदलायचं नाही, म्हणाले. मीही तोच लावला. तिसऱ्या मंगळवारी हेडफोनमधल्या बाईच्या आधी त्यांनी 'कंदील' म्हटलं. मला हसू आलं. त्या दिवशी हसायला नको होतं. पाचव्या मंगळवारी सगळे पंधरा शब्द आले, वीस मिनिटांनी चौदा. पट्टी हिरवीगार. मी मॅडमना तेवढीच दाखवली. मॅडम म्हणाल्या, उत्तम आहे, वर्षाने पुन्हा या.

साहेबांना घाबरून मी हे केलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मलाच ती हिरवी पट्टी हवी होती. ज्या माणसाने मला शून्य ओळखायला शिकवलं त्याच्या डोक्यात काही पुसलं जातंय, हे मला बघायचं नव्हतं.

काकी तेवढ्यापुरत्या गप्प झाल्या. यंत्रच हिरवं म्हणतंय म्हटल्यावर त्या काय बोलणार?

साधारण पाच महिन्यांनी, एका सकाळी, मला कारखान्यातल्या एका जुन्या फिटरचा फोन आला. "बाई, ताबडतोब या. तुमचे साहेब ड्यूटीवर आलेत."

झालं होतं ते असं. साहेब पहाटे उठले, दाढी केली, पेटीतून कंपनीचा जुना शर्ट काढून घातला आणि काकी वाडीत फुलं काढत असताना निघून गेले. कारखान्याच्या फाटकावर नवा रखवालदार होता, उत्तर प्रदेशचा. त्याने अदबीने विचारलं, "साहब, आप कौन से डिपार्टमेंट से?"

"डिपार्टमेंट मैं हूँ," साहेब म्हणाले आणि रजिस्टरमध्ये सही करून आत गेले. एवढ्या खात्रीने बोलणारा माणूस कंपनीचा नसेल असं त्या बिचाऱ्याला वाटलंच नाही.

साहेब थेट बॉयलरवर गेले. दाबाच्या गेजवर दोनदा टकटक केली. काटा हलला नाही. त्यांनी गेजची कॉक, म्हणजे तोटी, बंद करून त्यातला दाब सोडायला सांगितला. काटा शून्यावर यायला हवा होता. तो सातावरच बसून राहिला. म्हणजे गेज अडकलेलं होतं, आणि बॉयलरमधला दाब कितीही असो, ते सातच सांगत होतं. केव्हापासून, कोणास ठाऊक. साहेबांनी बॉयलर बंद करायला लावला. ऑपरेटरने ऐकलं. तोही नवाच होता.

मी पोचले तेव्हा साहेब आमच्या जुन्या खोलीत होते. तिथे आता रिकाम्या ड्रमांची थप्पी होती. एका ड्रमवर ते ताठ बसले होते, समोर चार माणसं अवघडून उभी.

"उशीर केलात, बाई," ते म्हणाले.

"सॉरी, साहेब."

"रजिस्टर घ्या. बॉयलर नंबर दोन, मुख्य गेज. लिहा: काटा अडकलेला. बदलणे आवश्यक. वेळ टाका."

माझ्याकडे रजिस्टर नव्हतं. पर्समध्ये मुलाच्या शाळेची सूचना होती, तिच्या पाठीवर मी लिहिलं. त्यांनी सही केली. सही अगदी पूर्वीसारखी, शेवटच्या अक्षराखाली आडवी रेघ. मी तो कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "चला साहेब, राउंड संपला. घरी सोडते."

कंपनीपुढे मोठा प्रश्न पडला. रिटायर माणूस विनापरवानगी आत शिरला म्हणून तक्रार करायची, की मोठा अपघात टळला म्हणून आभार मानायचे? त्यांनी दोन्हींचा मान ठेवला. रखवालदाराला मेमो दिला आणि साहेबांना शाल.

रिक्षात साहेब बाहेर बघत होते. बोईसर मागे पडलं, रस्त्याच्या कडेला भाताची शेतं लागली. पामच्या अलीकडे ते एकदम माझ्याकडे वळले. चेहरा वेगळाच होता. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.

"बाई, आपण कुठून येतोय?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही.

त्यांनी अंगातल्या शर्टकडे बघितलं. खिशावरच्या कंपनीच्या चिन्हावरून बोट फिरवलं. "गेज खरंच अडकलं होतं?"

"हो."

"ते बरं झालं," ते म्हणाले.

काकी फाटकातच उभ्या होत्या. सकाळपासून त्या सगळं गाव पालथं घालून आल्या होत्या. पायात चप्पल नव्हती. साहेब आत जाऊन झोपले. मग मी ओट्यावर बसून काकींना सगळं सांगितलं. पिवळी पट्टी, पाच मंगळवार, एकच संच, हिरवी पट्टी.

"अच्छा," काकी म्हणाल्या. "म्हणून रोज सकाळी आंघोळ करून पंधरा शब्द म्हणत होते. कंदील, पायरी, चमचा, गाढव. मला वाटलं, कुठलं नवीन स्तोत्र हाय. देवाचं नाव येईना म्हणून मी विचारलंसुद्धा. तर म्हणाले, शेवटी येईल."

मला हसू आलं, आणि लगेच रडू. काकी मात्र हसल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"तू त्यांना घाबरतेस. मीही घाबरते. पण मी दोन महिने भातात मीठ घातलं नाय, ते काय त्यांचं हिरवं बघायला?"

मी उठून बोईसरची रिक्षा धरली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चार संच कशासाठी दिलेत यंत्रवाल्यांनी? पाठ करून कोणीही हिरवं होतं." मग म्हणाल्या, "पाच महिने गेले." हे त्या एकदाच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता साहेबांना परत आणायचं कसं, हा प्रश्न होता. काकी म्हणाल्या, या वेळी त्या आंधळ्या व्हायलाही तयार आहेत. पण काही करावं लागलं नाही. पुढच्या मंगळवारी साहेब आपणहून आले. काकी दोन पावलं मागे. त्यांनी ते पंधरा शब्द लिहून ठेवलेली डायरी माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडे राहू दे. आणि नवीन संच लावा. आज मी अभ्यास करून आलेलो नाही."

मी नवा संच लावला. त्यांनी स्क्रीनवर टकटक केली नाही. हेडफोनमधल्या बाईने पंधरा शब्द सांगितले. साहेब डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते. चार आले. मधल्या वीस मिनिटांत आकडे, अक्षरं, गोल झाले. मग मी विचारलं, "मघाचे शब्द, साहेब?"

ते स्क्रीनच्या कडेकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. काकींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मला वाटतं, त्यांना ते शब्द माहीत असते तर त्यांनी तिथूनच खुणा केल्या असत्या. मिनिट झालं, दीड झालं.

"शब्द होते, एवढं आठवतं," साहेब म्हणाले.

पट्टी मॅडमच्या खोलीत दाखवायची असते. साहेबांनी ती स्वतः वाचली, आकड्यांसकट. मॅडम आवाज मऊ करून सांगू लागल्या, "हे अंतिम नाही हं. अशी यंत्रं कधी कधी चुकतात. रक्त तपासू, बी-बारा बघू, थायरॉइड बघू, एक स्कॅन करू..."

"सगळं करा," साहेब म्हणाले. "पण यंत्र ठीक आहे, मॅडम. मी पाच वेळा तपासलंय. बिघाड इकडे आहे."

रक्तात फार काही सापडलं नाही. स्कॅनमध्ये जे सापडायचं ते सापडलं. आजाराची सुरुवात होती. बरा होणारा नव्हता, पण गोळ्यांनी आणि शिस्तीने थोडा वेळ मिळणार होता. साहेबांनी तो वेळ कारखाना बंद ठेवून करायच्या एखाद्या मोठ्या शटडाउनचं काम असावं तसा वापरला. स्कूटर भाच्याला देऊन टाकली. गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवलं. प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून काकींचा फोन नंबर शिवून घेतला, आणि शिवणारणीने एक आकडा चुकवला म्हणून सगळे शर्ट परत पाठवले. काकींना मोबाइल वापरायला शिकवला, पेनने. घर, वाडी, सह्या, कागद, कोणता कागद कुठे, हे सगळं एका वहीत लिहिलं आणि प्रत्येक पानाखाली सही केली. वर्षभरात जे करायचं ते आठ महिन्यांत संपवलं. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं, असं मॅडम म्हणायच्या. ते असं असतं.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. मी महिन्यातून एकदा तरी पामला जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा दोघं संध्याकाळचे फिरायला निघत होते. साहेबांनी मला ओट्यावर बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हिच्याशी जरा सांभाळून बोला. हिची स्मरणशक्ती गेलेली आहे. चाचणीत लाल पट्टी आली होती. मी बघतो सगळं, पण हिला कळू देत नाही."

काकी तोंड फिरवून फाटकाची कडी काढत होत्या.

मी त्यांच्या मागून चालले. साहेबांनी काकींचा हात धरला होता, त्या पडतील म्हणून. वाटेत जो भेटेल त्याची ते काकींना ओळख करून देत होते. "हा आपला गणपत. आठवतो ना?" तो गणपत नव्हता, त्याचं नाव मला माहीत होतं, तो त्यांच्या शेजारचा आणि निम्म्या वयाचा. "हो हो, आठवला की," काकी म्हणाल्या. "काय रे गणपत, जेवलास का?" त्यानेही "जेवलो, काकी," असं सांगितलं. पुढे नळावर एक म्हातारी होती, तिची शेवंता झाली. दुकानदाराचा पोस्टमास्तर झाला. त्याने हात जोडून "तुमचं पत्र नाय आज," असं सांगितलं. गावातली निम्मी माणसं अशी संध्याकाळी अर्धा तास दुसऱ्याच नावांनी ओ देतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटेनासं झालंय.

परत आल्यावर साहेब पायरीवर थांबले. माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडावरची ती एक सुरकुती हलली. मग काकींकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं समजावून म्हणाले, "ही कोण ते सांग बघू. अगं, ही सुमन. माझी धाकटी बहीण. सासरहून आलीय."

काकींनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट थोडी गंमतच होती.

"अगो बाई, सुमन होय," त्या म्हणाल्या. "ये, ये. किती दिवसांनी आलीस. प्रवास कसा झाला?"

"बरा झाला, वहिनी," मी म्हणाले आणि चप्पल काढून आत गेले.